नकली पाय, काचेचा डोळा, कवळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला त्याला चौदा वर्षं झाली. रात्रपाळी संपवून घरी येताना, विल्होळीच्या अलीकडे, महामार्गावर. तेव्हा मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत लेथवर होतो आणि पाय गेल्यावरही काही वर्षं त्याच लेथवर उभा राहिलो. आता जिल्ह्यात कुठे हातपाय वाटपाचं शिबिर असलं की मापाच्या टेबलाशेजारी बसून लोकांचे फॉर्म भरून देतो. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते ते सगळं लोक मला विचारतात, कारण माझी पँट वर केली की त्यांना कळतं, हा आपल्यातलाच आहे. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे लिहिलेत. जखम, साखर आणि गोळ्या यांचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

कृत्रिम अवयव म्हणजे जयपूर फूटच ना?

नाही. कवळी हासुद्धा कृत्रिम अवयवच. सिन्नरकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. "पोराचं बघा, मला काही नको, मी धडधाकट आहे," असं म्हणत होते आणि बोलता बोलता कवळी सटकली म्हणून ती काढून धोतराला पुसून परत बसवली! काचेचा म्हणतात तो डोळा, सिलिकॉनचं नाक किंवा कान, स्तनाच्या जागी ब्रामध्ये ठेवायचा आकार, बोटं, हात, पाय, सगळे याच कुळातले. शरीराच्या आत बसवलेलेही आहेतच. खुब्याचा सांधा इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास आजच्या रूपात आणला. हृदयाची भारतीय बनावटीची चित्रा झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडली आणि १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसात बसवली गेली. पण आतल्या गोष्टी सर्जनच्या हातच्या. इथे मी बाहेरून लावायच्या अवयवांबद्दलच लिहितोय, ते रोज आपल्याच हातांनी काढावे-घालावे लागतात.

हे सगळं इंग्रजांनी आणलं ना?

छे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची ऋचा आहे. रात्रीच्या लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लगेच 'जङ्घामायसीम्', म्हणजे धातूची तंगडी बसवली, पुन्हा धावता यावं म्हणून. विश्पला ही बाई नसून शर्यतीची घोडी असावी, असंही काही अभ्यासकांनी मांडलंय. बाई असो की घोडी, तुटलेल्या पायाच्या जागी दुसरा लावता येतो ही कल्पना तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात होती, एवढं नक्की. मात्र ऋचा म्हणजे पुरावा नव्हे. त्यावरून 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असं भाषण कुणी सुरू केलं की मी चहा प्यायला उठतो.

हातात धरता येतील अशा जुन्या वस्तू दुसरीकडे सापडल्यात. इराणमधल्या शहर-ए-सुख्ता इथे जवळजवळ पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या कवटीत डांबरासारख्या लगद्याचा डोळा मिळाला, त्यावर सोन्याच्या बारीक तारा होत्या. इजिप्तमध्ये लक्झरजवळ एका धर्मगुरूच्या मुलीच्या ममीला लाकूड आणि चामड्याचा पायाचा अंगठा लावलेला होता. तो साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा. या अंगठ्यावर माझा विशेष जीव आहे. इंग्लंडमध्ये जॅकलीन फिंच या संशोधिकेने त्याची नक्कल करवून घेतली आणि उजव्या पायाचा अंगठा नसलेल्या दोन माणसांना ती लावून, इजिप्शियन चपला घालून चालवलं. नुसता शोभेचा नव्हता, चालायला खरंच उपयोगी पडत होता. पुढे बाझेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मूळ अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा दिसलं की तो त्या बाईच्या पायाला नीट बसावा म्हणून अनेकदा दुरुस्त केलेला आहे. तीन हजार वर्षांपूर्वीही ती बाई कारागिराकडे परत परत जात होती. शिबिरातून पाय घेऊन गेलेल्यांपैकी किती जण परत येतात ते मी पाहतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

नाशिकचं नाव खरंच नाकावरून पडलं का?

तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका कापली म्हणून नाशिक, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. नऊ शिखरांवरचं गाव म्हणून नाशिक, असंही सांगतात. माझ्या दृष्टीने कृत्रिम अवयवांची गोष्ट नाकापासून सुरू करायला याहून योग्य गाव नाही.

नाक कापणं ही आपल्याकडे जुनी शिक्षा, त्यामुळे ते परत बसवायची विद्याही जुनी. सुश्रुतसंहितेत पद्धत दिली आहे. आधी नाकाच्या मापाचं पान कापून घ्यायचं, त्या मापाने गालाची त्वचा सोडवायची आणि ती नाकावर जोडायची. आधी माप, मग सुरी. पुढे गालाऐवजी कपाळाची त्वचा घेऊ लागले.

ही विद्या जगाला कळली ती पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेमुळे. इंग्रज आणि टिपू यांच्या १७९२ च्या लढाईत कावसजी नावाचा मराठा बैलवाला इंग्रजी फौजेबरोबर होता. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक आणि एक हात तोडला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर उलटा ठेवला, त्याभोवती रेघ मारली आणि तेवढी त्वचा सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी मात्र जोडलेलीच ठेवली, रक्त चालू राहावं म्हणून. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे चित्रासह छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने बरीच वर्षं अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या त्वचेच्या या पद्धतीला आजही जगभर 'इंडियन मेथड' म्हणतात. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. बैलवाल्याचं ठेवलं, सर्जनचं ठेवलं, पण ज्याच्या बोटांत ती विद्या होती त्याचं नाही.

त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याचं नाक तलवारीच्या द्वंद्वात कापलं गेलं होतं, १५६६ मध्ये. मोठ्या घरचा माणूस, पण आयुष्यभर धातूचं नाक डिंकासारख्या चिकटीने लावून फिरला. लोक ते सोन्या-चांदीचं समजत. २०१० मध्ये त्याचं थडगं उघडून तपासलं तेव्हा खुणा पितळेच्या निघाल्या.

आता कुणाचं नाक, डोळा किंवा टाळू गेली तर?

२०२१ मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीने अनेकांचा वरचा जबडा आणि डोळा काढावा लागला, तेव्हापासून हा प्रश्न वाढला. तंबाखूच्या कॅन्सरचे रुग्ण तर आधीपासून आहेतच. टाळूला भोक पडलं की पाणी नाकातून येतं आणि बोलणं कळत नाही. त्यासाठी कवळीसारखी एक प्लेट करतात, तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. ती लावली की त्याच दिवशी माणूस चहा पिऊ शकतो. हे काम प्रोस्थोडॉन्टिस्ट करतो, म्हणजे कवळीवाला दाताचा डॉक्टर, आणि हेच लोकांना माहीत नसतं. दंत महाविद्यालयात चौकशी करा. सिलिकॉनचं नाक किंवा कान वैद्यकीय गोंदाने, चष्म्याच्या फ्रेमला जोडून किंवा हाडात बसवलेल्या स्क्रूवर लावतात. उन्हाने रंग उडतो, त्यामुळे काही वर्षांनी नवं करावं लागतं.

सिनेमातल्या चाच्यांसारखे लाकडी पाय खरंच असायचे का?

असायचे, आणि गरिबाला तेवढंच मिळायचं. पैसेवाल्यांचं वेगळं. गॉत्झ फॉन बर्लिखिंगन या जर्मन सरदाराचा उजवा हात १५०४ मध्ये लांड्सहूटच्या वेढ्यात तोफगोळ्याने गेला. त्याने लोखंडी हात करून घेतला. बोटं दुसऱ्या हाताने वाकवायची, आतल्या दात्यांत ती अडकून राहायची आणि खटका दाबला की सुटायची. लगाम आणि तलवार धरायला हे पुरेसं होतं आणि तो त्यानंतरही दशकानुदशकं लढला. लेथवर काम केलेल्या माणसाला त्या दात्यांचं चित्र पाहून हेवा वाटतो. त्याच शतकात फ्रान्समध्ये आंब्रोझ पारे या सर्जनने कापताना रक्तवाहिन्या डागण्याऐवजी दोऱ्याने बांधायला सुरुवात केली आणि गुडघ्यात वाकणाऱ्या पायांची चित्रंही छापली.

पुढची कथा लढायांचीच आहे. वॉटर्लूला १८१५ मध्ये पाय गमावलेल्या अँगलसीच्या सरदारासाठी लाकडी पाय झाला. अमेरिकेच्या यादवीत जेम्स हँगर नावाच्या कोवळ्या विद्यार्थ्याचा पाय १८६१ मध्ये गेला, त्याने पिंपाच्या फळ्या तासून स्वतःच पाय केला आणि त्यातून कंपनी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात चेहरे गेलेल्या सैनिकांसाठी ॲना कोलमन लॅड या शिल्पकार बाईंनी पॅरिसमध्ये पातळ तांब्याचे रंगवलेले मुखवटे केले. आपल्याकडे पुण्याचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं.

मग जयपूर फूटचं एवढं नाव का?

कारण त्याआधीचा पाय बुटासाठी केलेला होता.

परदेशी पायाचा घोटा ताठ असायचा. त्यावर बूट घालायचा, खुर्चीत बसायचं, फरशीवर चालायचं. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी शेतात उतरतो आणि चिखलात बूट घालत नाही. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आलं की लोक पाय घेऊन जातात आणि घरी कोपऱ्यात टाकून देतात. तिथे रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शाळा फार शिकलेले नव्हते, हात मात्र शिकलेला होता. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ च्या सुमारास रबर, लाकूड आणि टायरमधला धागा साच्यात घालून, टायर भाजतात तसं भाजून पाऊल तयार केलं. घोट्यापाशी ते सगळीकडे थोडं थोडं वळतं. रंग आपल्या कातडीचा, बोटं दिसतात, त्यामुळे अनवाणी चालताना कुणी वळून बघत नाही. नडगी आधी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून करत. पुढे शेतात पाण्यासाठी वापरतो तो एचडीपीई पाइप गरम करून साच्यावर ओढू लागले, आणि काम तासांवर आलं.

डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण वाटपाचा मोठा पसारा उभा राहिला तो डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीमुळे, कारण ते पाय फुकट देतात. आपल्याकडे मुंबईच्या सुधा चंद्रन यांनी या पायावर १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नृत्य केलं आणि जयपूर फूट घराघरांत माहीत झाला.

तोटे? आहेत. पाऊल जड आहे आणि धावायला ते केलेलंच नाही. ऑफिसात बूट घालून बसणाऱ्याला कार्बनचं हलकं पाऊल बरं वाटतं. निफाडच्या द्राक्षबागेत वाकून काम करणाऱ्याला मी आजही जयपूर फूटच सांगतो.

पाय कापल्यावर नवा पाय किती दिवसांत मिळतो?

जखम पूर्ण भरली आणि सूज उतरली की माप घेतात. सगळं सरळ झालं तर दीड-दोन महिने, साखर असली तर जास्त. या काळात घरचे मायेपोटी एक चूक हमखास करतात, ती म्हणजे गुडघ्याखाली उशी. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कितीही चांगला पाय आणा, उभं राहता येत नाही. उशी काढा. गुडघा सरळ ठेवा, दिवसातून थोडा वेळ पालथं झोपा, फिजिओने दाखवलेले व्यायाम करा आणि क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं, टोकाकडे घट्ट आणि वर सैल, असं बांधायला शिकून घ्या. स्टंपला, म्हणजे कापल्यावर उरलेल्या भागाला, आकार तिथेच येतो.

पाय मिळाला पण टोचतो. सवय होईल ना?

नाही. हे मी दोनदा लिहितो: नाही. पट्ट्याची, वजनाची, चालण्याच्या लयीची सवय होते. टोचण्याची होत नाही, टोचण्याची जखम होते.

लोक पाऊल बघतात. कुठल्या कंपनीचं, परदेशी का, वाकतं का. पण पाय चालतो तो सॉकेटवर. स्टंप ज्यात बसतो ती वाटी म्हणजे सॉकेट. तुमचं सगळं वजन तिथे येतं. नडगीच्या हाडाचं टोक आणि बाजूच्या बारीक हाडाचं डोकं यांना दाब सोसत नाही, गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्टीला सोसतो. चांगला कारागीर प्लास्टरचा साचा घेतल्यावर सोसत नाही तिथे भर घालतो आणि सोसतं तिथे घासून काढतो. सगळी कला त्या चार-सहा मिलिमीटरची आहे.

माझा पहिला पाय एका शिबिरातला. सकाळी माप, संध्याकाळी पाय, हार, फोटो. तिसऱ्या दिवशी स्टंपवर फोड आला. दाखवायला गेलो तर मंडप उठलेला. फोन लावला तर म्हणाले, "वापरत राहा, होईल सवय." फोडाची जखम झाली आणि पाय आठ महिने माळ्यावर गेला. फुकट मिळालेल्याबद्दल तक्रार कशी करायची, या लाजेत मी आठ महिने कुबड्यांवर काढले. तुम्ही काढू नका. शिबिरात पाय घेताना पहिला प्रश्न हा विचारा: दुरुस्तीला कुठे यायचं आणि कोण भेटेल?

पहिलं वर्ष स्टंप बारीक होत जातो, म्हणून सॉकेट सैल होतं. सुती मोजे एकावर एक चढवून काही दिवस भागतं. तीन-चार मोजे लागायला लागले की सॉकेटच बदलायचं. पहिल्या आठवड्यात तास-दीड तास घालून काढा आणि स्टंप बघा. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक, तशीच राहिली तर पाय घालू नका आणि कारागिराकडे जा. खालून दिसत नसेल तर आरसा घ्या. स्टंप रात्री साबणाने धुवा, सकाळी नको, कारण ओलसर कातडी सॉकेटमध्ये सोलते. तेल लावायचं तर तेही रात्रीच. लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ अस्तर, रोज धुवा. नाशिकचा एप्रिल-मे आणि सिलिकॉनचा लायनर ही जोडी वाईट आहे. दुपारी एकदा काढून घाम पुसायचा, कुणी बघितलं तर बघू दे.

नसलेला पाय दुखतो. डोक्यावर परिणाम झालाय का?

अजिबात नाही. मला अजूनही अमावास्येच्या आसपास... नाही, अमावास्या वगैरे काही नसतं, ते आमच्या मावशीचं. पण थंडीत मला नसलेल्या पायाच्या करंगळीत मुंग्या येतात हे खरं. पारेनेही सोळाव्या शतकात हे लिहून ठेवलंय आणि अमेरिकेच्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये त्याला 'फँटम' हे नाव दिलं. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शिल्लक असते. चेन्नईत शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात आरशाचा सोपा उपाय शोधला. आरसा दोन पायांच्या मध्ये असा उभा धरायचा की चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्याच्या जागी दिसेल, आणि मग चांगला पाय सावकाश हलवायचा. काहींना चांगला फरक पडतो, काहींना काहीच नाही. घरचा आरसा चालतो. जास्त दुखलं तर डॉक्टर मज्जातंतूंची औषधं देतात. भगताकडे जाऊ नका.

साखरेमुळे आईच्या पायाची बोटं काढली. पुढे पाय वाचेल का?

ते डॉक्टर सांगतील. मी एवढंच सांगतो की अपघातापेक्षा अशा हळूहळू जाणाऱ्या पायांची रांग शिबिरात लांब होत चाललीय. साखरेने तळव्याची संवेदना जाते. भर उन्हात रामकुंडाच्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी गेलं की तळवा भाजतो आणि कळतच नाही. ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करायची हौस साखरवाल्यांनी सोडावी, देव रागावणार नाही. रोज रात्री तळवा बघा, चपलेत हात घालून खडा आहे का बघा. आणि कापायचीच वेळ आली तर सर्जनला विचारा, गुडघा वाचेल का? गुडघ्याखालचा पाय आणि वरचा पाय यांत चालायला लागणाऱ्या ताकदीचा फार मोठा फरक आहे. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर तो चालणं आणि न चालणं एवढा असतो.

प्रेस मशीनमध्ये बोटं गेली. सिलिकॉनची बोटं लावून काम होतं का?

सातपूर-अंबडला हा प्रश्न नवा नाही. सिलिकॉनची बोटं हुबेहूब दिसतात, नखासकट. पकड मात्र देत नाहीत. एखाद्या बोटाचं मूळ शिल्लक असेल तर टोपणासारखं बसतं, टायपिंगला, कागद दाबायला, लग्नसमारंभात उपयोग होतो. अंगठा शिल्लक असेल तर बरेच कामगार काही दिवसांत बोटं खिशात ठेवतात आणि अंगठ्यावरच काम काढतात. ईएसआयसीत, म्हणजे कामगार विम्यात, नाव असेल तर कृत्रिम अवयव आणि कायमच्या अपंगत्वाचा लाभ दोन्हींसाठी अर्ज करा. अपघाताची नोंद त्याच दिवशी रजिस्टरला झाली का ते घरच्यांनी बघायचं. सुपरवायझर 'नंतर करू' म्हणतो, त्या 'नंतर'ला काही अर्थ नसतो.

मोबाइलवर विजेवर चालणारा हात बघितला. तो घ्यावा का?

स्नायूंचे विद्युत संकेत पकडून चालणारे हात १९६० च्या आसपास सोव्हिएत रशियात वापरात आले, म्हणजे तेही तसे जुनेच. आज बोटं वेगळी हलणारे मिळतात. पण पाणी, चारा, सिमेंट यांच्याशी त्यांचं जमत नाही, चार्जिंग लागतं आणि बिघडला तर दुरुस्ती लांब. १९१२ मध्ये अमेरिकेच्या डोरन्स नावाच्या माणसाने केलेला दोन बोटांचा हुक दिसायला भयंकर आहे, पण विरुद्ध खांद्याला बांधलेल्या तारेने तो उघडतो आणि बादली, फावडं, गाडीचं हँडल सगळं धरतो. कडबाकुट्टीत हात गेलेला देवळ्याकडचा एक जण आठवडाभर हुक आणि रविवारी सासरी जाताना रबरी हात लावतो. मला हा हिशेब पटतो.

पाय घालून देवळात जाता येतं का? गड चढता येतो का?

येतं. पाय म्हणजे चप्पल नव्हे, तो काढायला कुणी सांगितलं तर शांतपणे नाही म्हणा. त्यावरचा बूट काढा. पण बुटाच्या टाचेच्या उंचीवर पाय जुळवलेला असतो, बूट काढला की तोल मागे जातो, म्हणून हाताशी कुणी असू द्या. जयपूर फूटवाल्यांना ही अडचण नाही. वणीच्या गडाला ट्रॉली आहे. पायऱ्याच चढायच्या असतील तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना नकली आधी, कठडा धरून. मी पायऱ्यांनी एकदा गेलो. उतरताना रडकुंडीला आलो.

काचेचा डोळा रोज काढून ठेवायचा का?

आता तो काचेचा नसतो. जर्मनीतल्या लाउशा गावचे कारागीर एकोणिसाव्या शतकात काचेचे डोळे फुंकून करत आणि जगाला पुरवत. दुसऱ्या महायुद्धात तो माल बंद झाला तेव्हा अमेरिकेत ॲक्रिलिकचे डोळे करू लागले, कवळीचंच प्लास्टिक. तयार डोळ्यांच्या डब्यातून जवळचा रंग निवडून देतात तो स्वस्त पडतो. खोबणीचं माप घेऊन रंगवलेला डोळा थोडा हलतोही. रोज काढायची गरज नसते, सारखं हाताळल्यानेच खोबण चिडते. स्पिरिटने कधी पुसू नका, तडे जातात. वर्षातून एकदा पॉलिश करून घ्या.

बायकांचा एक प्रश्न, तो बायका मला विचारत नाहीत, माझ्या बायकोला विचारतात

स्तन काढल्यानंतर ब्रामध्ये ठेवायचा सिलिकॉनचा आकार मिळतो. तो नुसता दिसण्यासाठी नसतो. एका बाजूचं वजन गेलं की खांदा उचलला जातो आणि पाठ दुखते, म्हणून वजनही जुळवतात. टाके ओले असताना सुती कापडात कापूस भरून केलेला हलका आकार ठेवतात, घरीही शिवता येतो. बार्बी बाहुली काढणाऱ्या रूथ हँडलर यांचा स्तन कॅन्सरमुळे काढला, दुकानात बरा आकार मिळेना, म्हणून त्यांनी सत्तरच्या दशकात तोच धंदा सुरू केला. आमच्या हिला ही गोष्ट फार आवडते.

लहान मुलाला पाय कधी लावायचा?

मूल उभं राहायला बघतं तेव्हा. मोठं होईपर्यंत थांबू नका. मुलं आपल्यापेक्षा लवकर शिकतात. मात्र दर वर्षा-दीड वर्षाला नवा लागतो.

पळता येईल का?

सुमित अंतिल यांचा पाय २०१५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि त्यांनी टोकियो व पॅरिस अशा दोन्ही पॅरालिंपिकमध्ये भालाफेकीचं सुवर्ण आणलं. अरुणिमा सिन्हा २०१३ मध्ये नकली पायाने एव्हरेस्टवर गेल्या. धावायची पाती वेगळी असतात, टाच नसलेली, कार्बनची. पण आधी गोदाघाटावर एक फेरी न थांबता मारा, मग पळण्याचं बघू.

खर्च किती आणि कुठे जायचं?

फुकटापासून काही लाखांपर्यंत, त्यामुळे आकडा सांगण्यात अर्थ नाही. क्रम असा ठेवा. आधी सिव्हिलमध्ये तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. केंद्राच्या एडिप योजनेतून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीचं साहित्य शिबिरांत मिळतं, उत्पन्नाची अट असते. ग्रामपंचायत आणि महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, तो मागा, मागितल्याशिवाय आठवत नाही. मोठं काम असेल तर मुंबईला हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. कागदांच्या झेरॉक्स पाच-पाच न्या.

कापलेल्या पायाचं काय करतात?

दवाखाना नियमाप्रमाणे विल्हेवाट लावतो. घरच्यांना अंत्यसंस्कार करायचे असतील तर आधी सांगावं लागतं. मेक्सिकोचा सेनापती सांता ॲना याने १८४२ मध्ये आपल्या तुटलेल्या पायाचा लष्करी इतमामात दफनविधी केला होता. दोन वर्षांनी चिडलेल्या जमावाने तो उकरून गावभर ओढला. पुढे १८४७ च्या लढाईत त्याचा नकली पायही अमेरिकी सैनिकांनी पळवला आणि तो आजही इलिनॉयच्या संग्रहालयात आहे. माझ्या पायाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

वडील गेले. त्यांचा पाय दुसऱ्या कुणाला देता येईल का?

सॉकेट नाही. ते त्यांच्याच स्टंपच्या मापाचं असतं, दुसऱ्याला जखमच होईल. पण मधला पाइप, पाऊल, गुडघ्याचा सांधा हे सुटे होणारे भाग असतील तर कारागीर तपासून वापरू शकतो, विशेषतः गुडघा, तो महाग असतो. पूर्ण प्लास्टिकचा एकसंध पाय असेल तर त्यातून फारसं काही निघत नाही. देताना गोणीत गुंडाळून माळ्यावर टाकू नका, रबर उकाड्याने चिरतं. पुसून, कोरडा करून, पुढच्या शिबिराला घेऊन या. मी मापाच्या टेबलाशीच असतो.